टीव्हीच्या खालची पुस्तकं

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे आणि खरं सांगायचं तर सध्या फार वैतागलेली आहे. माझ्या डोक्यावर टीव्ही बसवलेला आहे. सकाळी तो सुरू होतो आणि घर झोपेपर्यंत बडबडत राहतो. त्याचा आवाज पत्र्यातून थेट माझ्या पोटात उतरतो. माझ्या पोटात पुस्तकं आहेत. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण मला उघडायचं तर आधी टीव्ही उचलावा लागतो, वायरी काढाव्या लागतात. एवढा खटाटोप कोण करणार?

माझा जन्म पाथरीचा. तिथल्या बाजारपेठेत पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरानं मला ठोकून घडवलं, हिरवा रंग दिला आणि झाकणावर पिवळं फूल काढलं. माझ्या बरोबरीच्या पेट्या लग्नघरी गेल्या. मलाही वाटत होतं की कुण्या नवरीच्या साड्या आपल्या वाट्याला येतील. पण एके दिवशी तात्याराव नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. सोनपेठला ते एक लहानसं वाचनालय चालवायचे. त्यांनी माझं झाकण दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि कारागिराला विचारलं, "पुस्तकाचं वजन पेलंल का हिला? पुस्तक लय जड असतं बरं का."

"मालक, माणूस बसवा आत," कारागीर म्हणाला.

तात्यारावांच्या वाचनालयात सोनपेठची माणसं यायची, पण खेड्यातल्या माणसांना रोज तालुक्याला येणं जमत नसे. म्हणून तात्यारावांनी ठरवलं, माणसं येत नाहीत तर पुस्तकंच पाठवू. ते मला पुस्तकांनी भरायचे आणि एसटीत चढवायचे. एका गावी मी महिना-दीड महिना राहायची, मग परत सोनपेठ, मग नवी पुस्तकं आणि नवं गाव. एसटीचे कंडक्टर कुरकुरायचे, "तात्या, हिला अर्धं तिकीट लावू का?" पण ड्रायव्हरच्या मागची जागा मला ठेवलेली असायची. मी गावात उतरले की पोरं ओरडत यायची. मित्रांनो, पेटीच्या जातीला याहून मोठा मान मिळत नाही. लग्नघरातल्या पेट्या एकदा भिंतीला लागल्या की लागल्या. मी मात्र गावोगाव फिरले.

माझं आवडतं गाव गंगाकाठचं होतं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिथं माझा मुक्काम कस्तुराबाईंच्या घरी असायचा. कस्तुराबाईंना अक्षर येत नव्हतं. पण त्यांचा मुलगा सिताराम याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि देवगाव फाट्याकडून आलेली त्यांची सून मनिषा बारावी शिकलेली होती. दुपारी ओसरीवर तूर निवडायला आळीतल्या बायका जमायच्या आणि मनिषा त्यांना वाचून दाखवायची.

कशी वाचायची! सासूबाईंसमोर मोठ्यानं बोलायला लाजणारी ती मुलगी पुस्तकातल्या सावकाराचा आवाज असा काढायची की बायकांच्या हातातली सुपं थांबायची. कस्तुराबाई मधेच म्हणायच्या, "थांब, थांब. ते परत वाच. लय गोड लिहिलंय." आणि मनिषा तेच वाक्य परत वाचायची. कुणी चुलीवरचं दूध बघायला उठलं तर पुस्तक तिच्यासाठी थांबायचं.

सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते एक जाडजूड पुस्तक. त्याचं मुखपृष्ठ कधीच फाटून गेलं होतं, त्यामुळे त्याचं नाव कुणालाच सांगता यायचं नाही. त्यात तुळजा नावाच्या एका बाईची गोष्ट होती. तिचा नवरा नावाडी होता. तो वारल्यावर दीर म्हणतो, बाईमाणसाला नाव चालवता येत नाही, आणि नाव ओढून नेतो. तुळजा मोठ्या जिद्दीनं दुसरी नाव उभी करते, अशी ती गोष्ट.

त्या तुळजावरून ओसरीवर एकदा केवढं भांडण झालं! कस्तुराबाई म्हणाल्या, "तुळजा मजी माझ्या मावशीसारखी असंल. ठेंगणी, पण अंगानं भरीव." शेजारची सुकेशनी म्हणाली, "काहीतरीच! उंच हाय ती. वल्हं मारायचं मजी हात लांब पाहिजेत." मनिषा हळूच म्हणाली, "मला तर ती सावळी दिसायली. नाकात मोरणी." पुस्तकात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्या त्या बाईनं आपापली तुळजा मनात घडवली होती आणि आपली तुळजा सोडायला कुणीच तयार नव्हती. सुकेशनी दोन दिवस रुसून आलीच नाही. मी कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होते. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

मग तात्याराव आजारी पडले आणि त्या आजारातून उठले नाहीत. वाचनालयाचं दार बंद झालं. मी त्या वेळी कस्तुराबाईंच्या घरी होते, ती तिथंच राहिले. मला न्यायला कुणी आलंच नाही. तो नाव नसलेला ग्रंथही माझ्या पोटातच राहिला.

थोड्याच दिवसांनी सितारामानं टीव्ही आणला. तो ठेवायला जरा उंच काहीतरी हवं होतं. सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

सुरुवातीला बायका टीव्ही बघायला जमायच्या. त्यांच्यापुढे सुपं असायची, पण बोलणं बंद झालं. मालिकेतली सून कशी दिसते यावर भांडणार काय? ती समोर दिसतच होती, सगळ्यांना सारखीच. दूध उतू जायचं, कारण मालिका कुणासाठी थांबत नव्हती. मग प्रत्येकीच्या घरी टीव्ही आला आणि ओसरी रिकामी झाली. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि एका घरातली माणसंही वेगवेगळ्या कोपऱ्यांत गेली.

मी उगीच नावं ठेवत नाही. त्या मोबाईलवर सितारामाला कापसाचा भाव कळतो, वाऱ्यापावसाचा अंदाज कळतो. कस्तुराबाईंना पुण्याच्या लेकीचं तोंड दिसतं, तेव्हा त्या पदरानं ती काच पुसून घेतात. हे सगळं चांगलंच आहे. पण सितारामाची मुलगी निकिता नववीत आहे. ती माझ्या अंगाला टेकून बसते आणि अंगठ्यानं चित्रं वर सरकवत राहते. एक नाच, एक भांडण, एक मांजर, परत नाच. एकदा मनिषानं तिला विचारलं, "एवढा वेळ काय बघायलीस गं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई कसं? दुपार गेली की तुझी."

निकितानं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी तिच्या पाठीवरून ओळखलं. "मम्मी, लक्षात न्हाई," ती म्हणाली.

मित्रांनो, पत्र्याला दातओठ असते तर मी ते खाल्ले असते. त्या मुलीच्या पाठीला लागून इतकी माणसं, इतकी गावं, इतके प्रवास बंद होते आणि तिची अख्खी दुपार लक्षात न राहणाऱ्या गोष्टींत गेली. मला ओरडता येत नाही. फार तर उन्हानं तापल्यावर पत्रा टणकन वाजतो. त्याकडे कोण लक्ष देतो?

यंदा वैशाखात एक दिवस भर दुपारी वादळ आलं. वारा असा सुटला की घरावरचे दोन पत्रे उडून शेजारच्या परसात पडले. शिवारातले विजेचे खांब आडवे झाले. माझ्या वरच्या छतातून पाणी गळू लागलं तेव्हा सितारामानं आधी धावत येऊन टीव्ही उचलला आणि कोरड्या खोलीत नेला. मी भिजत राहिले. वाईट वाटलं, पण सवय झाली होती. पाऊस थांबल्यावर मनिषानं माझं झाकण उघडलं.

"अगं बाई," ती म्हणाली. वरच्या थरातली पुस्तकं ओली झाली होती. तिनं एकेक पुस्तक बाहेर काढलं, ओसरीवर पसरलं, पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बोटांनी अलगद सोडवली. मुखपृष्ठ नसलेला तो ग्रंथ तळाशी होता, म्हणून वाचला.

वीज लगेच येणार नव्हती. मोबाईल एकेक करून मेले. निकिता घरभर फिरली, दारात उभी राहिली, परत आत आली. तिला बसायलाच येत नव्हतं.

"मम्मी, बोर व्हायलंय."

मनिषाच्या हातात ते पुस्तक होतं. "ऐकतीस का मग?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पहिलं पान उघडलं.

सुरुवातीला तिचा आवाज अडखळला. कितीतरी वर्षांत तिनं मोठ्यानं वाचलं नव्हतं. पण दिराचं बोलणं आलं आणि तिचा जुना आवाज परत आला. निकिता खुदकन हसली. पत्रे बसवायला आलेला सिताराम हातोडी घेऊन तसाच खाली बसला. कस्तुराबाई तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून मनिषा मोठ्यानं वाचत होती आणि ते ऐकून सुकेशनीही येऊन बसली. आता तिचे केस पांढरे झाले होते. बसता बसता ती म्हणाली, "उंच हाय बरं ती." सगळे हसले.

"उंच कशाला?" निकिता म्हणाली. "मला तर आमच्या पीटीच्या मॅडमसारखी दिसायली."

दुसऱ्या दिवशीही वाचन झालं, तिसऱ्याही दिवशी झालं. जेवणं लवकर उरकायची आणि सगळे ओसरीवर जमायचे. गोष्टीत आता तुळजाची जाऊ, म्हणजे नाव ओढून नेणाऱ्या त्याच दिराची बायको, बाळंतपणात अडते. नदीला पूर आलेला असतो. दीर तुळजाच्या दारात येऊन हात जोडतो. तुळजा वल्हं उचलते आणि जावेला नावेत घेते. भर पाण्यात नाव पोचते आणि वल्हं मोडतं.

"मोडलं?" कस्तुराबाईंनी डोळे उघडले. "मंग?" इतक्या वर्षांत तुळजा सगळ्यांच्या लक्षात राहिली होती, पण तिच्या गोष्टीचा शेवट सगळेच विसरले होते.

मनिषानं पान उलटलं आणि त्याच क्षणी कोरड्या खोलीत टीव्ही मोठ्यानं बोलू लागला. सितारामानं तो तिथं जोडून ठेवला होता आणि बटण चालूच राहिलं होतं.

"लाईट आली!" आळीभर आरडाओरडा झाला. निकिता चार्जर शोधायला पळाली. सिताराम विहिरीवरची मोटर सुरू करायला गेला. सुकेशनीला दळण आठवलं. मनिषानं पुस्तक पालथं घातलं आणि पाण्याची टाकी भरायला उठली. मला पुसून काढलं गेलं, वाळलेली पुस्तकं माझ्यात भरली गेली आणि संध्याकाळी टीव्ही परत माझ्या डोक्यावर आला. ओसरीवर फक्त कस्तुराबाई उरल्या आणि मांडीवर तो ग्रंथ.

त्या पुढचे दिवस मला सहन झाले नाहीत.

"निकी, तेवढं एक पान वाच की गं."

"आजी, थांब ना. पाच मिनिटं."

पाच मिनिटं कधी झालीच नाहीत. कस्तुराबाई मनिषाकडे गेल्या. मनिषा म्हणाली, "आत्या, आज रानात जायचंय, रात्री बघू." आणि रात्री ती मोबाईल हातात घेऊनच झोपी गेली. मग कस्तुराबाई सितारामाकडे गेल्या.

"माय, यूट्यूबवर लावून देतो की तुला," तो म्हणाला. "तिथं सगळ्या गोष्टी असत्यात." त्यानं नावाड्याची गोष्ट असं काहीतरी शोधून लावलं. एक बाई गोड आवाजात राजाराणीचं काहीतरी सांगू लागली, मधेच दात घासायच्या पेस्टची जाहिरात आली.

कस्तुराबाईंनी मोबाईल त्याला परत दिला. "ही माझी तुळजा न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी पाण्यात हाय अजून. वल्हं मोडलंय तिचं. तुमाला काहीच कसं वाटंना रे?"

सिताराम हसला. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते पुस्तक उघडलं, अक्षरांवरून बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. त्यांना एकही अक्षर येत नव्हतं. मी तिथंच होते. मला ती सगळी गोष्ट पाठ आहे, मनिषानं तेव्हा तीनदा वाचली होती. पण मला तोंड नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी कस्तुराबाईंनी पिशवी घेतली, पुस्तक पिशवीत घातलं आणि सोनपेठची एसटी धरली. पुढे जे घडलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

एसटीत त्यांच्या शेजारी एक मुलगी बसली होती. राजेश्री तिचं नाव. कानात बोंडं घालून ती मोबाईलमध्ये बघत होती. कस्तुराबाईंनी तिच्या दंडाला हात लावला.

"बाई, तुला वाचता येतं का?"

तिनं बोंडं काढली. "आजी, मी कॉलेजला हाय."

"मंग हे वाच. इथून." त्यांनी खूण म्हणून घातलेली काडी दाखवली. "बाई पाण्यात अडकून पडली हाय. घरी कुणाला फुरसत न्हाई."

राजेश्रीनं आधी इकडंतिकडं पाहिलं. तिला लाज वाटली असणार. मग हळू आवाजात ती वाचू लागली. कस्तुराबाईंना ऐकू येईना, म्हणून तिला मोठ्यानं वाचावं लागलं. पुढच्या बाकावर एक माणूस मोबाईलवर गाणी ऐकत होता, त्यानं आवाज बारीक केला. थोड्या वेळानं बंदच केला आणि मागे वळून म्हणाला, "आजी, ही नावंत बसलेली कोण?" कस्तुराबाईंनी त्याला मागची सगळी हकीकत सांगितली. दिरानं नाव कशी नेली हे सांगताना त्यांचा आवाज असा चढला की शेवटच्या बाकावरच्या बाया पुढे सरकल्या.

सोनपेठचं स्टँड आलं. कंडक्टरनं दार उघडलं, "चला, उतरा, सोनपेठ."

कुणीच उठलं नाही.

"मालक, जरा दम धरा," पुढच्या बाकावरचा माणूस म्हणाला. "थोडंच राहिलंय."

कंडक्टर दारात उभा राहिला. "वाचा मंग लवकर. मला पाथरीची ट्रिप हाय." पण तोही दांडीला टेकून ऐकू लागला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कारण त्या आवाजात शेवट नीट ऐकू येत नव्हता.

शेवट झाला तेव्हा राजेश्रीचा क्लास बुडाला होता. तिनं पुस्तक मिटलं, पण हातातून सोडलं नाही. "आजी, हे मला द्या की. पहिल्यापासून वाचते."

"पुढच्या बाजारी देते," कस्तुराबाई म्हणाल्या. "तोवर घरच्याईला मुदत. त्यायनी वाचलं तर वाचलं."

संध्याकाळी त्या घरी आल्या त्या अशा ताठ चालत, की मनिषानं विचारलं, "आत्या, काय झालं? लय खुशीत हाव."

"कळलं मला. तुळजाचं काय झालं ते."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. टीव्ही बोलत होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"काय झालं?" निकितानं विचारलं. "नाव लागली का काठाला? सांग ना आजी."

"सांगत न्हाई."

"माय, असं काय करायलीस?" सिताराम म्हणाला.

"तुमाला अक्षर येतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला येत न्हाई. मी सोनपेठला जाऊन ऐकून आले. तुमच्या तर घरात पडलंय पुस्तक. पुढच्या बाजारी ते जाणार, मी शबूद दिलाय त्या पोरीला." आणि त्यांनी पुस्तक ओसरीवर ठेवलं.

निकितानं सरळ शेवटचं पान उघडलं. कस्तुराबाईंनी त्यावर आपला तळहात पसरला. "शेवटून न्हाई. मधलं पाणी कोण ओलांडणार?"

मित्रांनो, त्यानंतर या घरात एकदम सुधारणा झाली, असं काही नाही. पहिले दोन दिवस पुस्तक जिथल्या तिथं पडून होतं आणि मी टीव्हीखाली जळफळत होते. मग मनिषानं रानातून आल्यावर वीसेक पानं वाचली आणि ती भाजी करपवून बसली. त्यावरून सितारामानं भांडण काढलं आणि जेवताना हळूच विचारलं, "कुठवर आलीस?" निकितानं मोबाईल उशाशी ठेवून पुस्तक वाचलं. मोबाईल वाजला की ती उठायची, बघायची, परत यायची आणि कुठं होतो ते शोधत बसायची. मग एका दुपारी तो दुसऱ्या खोलीत वाजत राहिला आणि ती उठली नाही. तुळजा तिच्या मनात पीटीच्या मॅडमसारखी राहिली नव्हती म्हणे. "आजी, ती तुझ्यासारखी दिसायली आता," असं ती म्हणाली तेव्हा कस्तुराबाई उगीचच चुलीकडे गेल्या.

आज परत बाजार आहे. सकाळी कस्तुराबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या आणि निकिता ओसरीवर पुस्तकात डोकं घालून बसली होती. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"दे गं लवकर, गाडी आली."

"आजी, चार पानं राहिलीत. ही एसटी जाऊ दे ना."

कस्तुराबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसल्या. एसटी गेली. दोघींपैकी कुणीच तिच्याकडे मान वळवली नाही.

दुपारच्या गाडीनं पुस्तक सोनपेठला गेलं. माझ्यात एका पुस्तकाची जागा रिकामी झाली. तात्यारावांच्या वेळी अशी रिकामी जागा मला फार आवडायची. टीव्ही अजून माझ्या डोक्यावरच आहे आणि या घडीला त्यात कसली तरी मालिका चालू आहे. मला अजूनही राग येतो. पण थोड्या वेळापूर्वी निकिता माझ्यापाशी आली, तिनं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "पप्पा, जरा इकडं या. हे एकटीला उचलायचं न्हाई."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी पुस्तकं दबलेली असतील. त्यांच्यावर काय ठेवलंय ते बघा. ओली असतील तर वाळवा, फाटली असतील तर चिकटवा, आणि जड वाटलं तर घरातल्या कुणाला तरी हाक मारा. तुळजाच्या नावेचं पुढे काय झालं, हे मला पाठ आहे. पण ते पुस्तक सध्या राजेश्रीकडे आहे. तिचं वाचून झालं की तिच्याकडूनच मागून घ्या.